मालडब्याचं पहिलं किट: आधी चालवा, मग सजवा

माझ्या पहिल्या मॉडेल मालडब्याला शिड्या होत्या, ब्रेकचं चाक होतं, दारावरचे आकडेसुद्धा सरळ होते. फक्त तो चालत नव्हता. इंजिनामागे लावला की पहिल्याच वळणावर एक चाक वर उचले आणि डबा बांधावरून कलंडलेल्या बैलगाडीसारखा आडवा पडे. आबा बंगईवर बसून पाहत होते. म्हणाले, "गाडी तं मस्त केली बे तू, पण हे चालून काहून नाही राह्यली?"

त्या 'काहून'चं उत्तर सापडायला दोन महिने गेले. चूक एकच होती: सुट्या भागांच्या किटचा खोका उघडल्याबरोबर जे डोळ्यांना आवडलं ते आधी चिकटवलं, आणि चाकं, वजन, कपलिंग (डब्याला डबा जोडणारा आकडा) ही कामं शेवटी घाईत उरकली. म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम उलटा आहे. शिड्या शेवटी येतील.

मी मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका गावात मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतो. आमच्या मूर्तिजापूर स्टेशनात एकीकडे मुंबई–नागपूर मेन लाइन आणि दुसरीकडे शकुंतलेचे, म्हणजे आमच्या जुन्या नॅरोगेज गाडीचे, अडीच फुटी रूळ. शकुंतलेचं वाफेचं इंजिन 1994 साली निघालं आणि डिझेल आलं, पुढे गाडीच थांबली. मेन लाइनवरून पारसच्या वीजकेंद्राकडे जाणारे कोळशाचे रेक, म्हणजे अख्ख्या मालगाड्या, मात्र आजही डबे मोजता मोजता जीभ थकवतात. साधारण अठ्ठावन्न भरतात. वेड तिथूनच लागलं.

कोणतं किट घ्यायचं

नवशिक्यानं एचओ प्रमाण घ्यावं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं. रुळांमधलं अंतर 16.5 मिमी. भाग हातात धरता येतील इतके मोठे असतात, आणि अख्खी गाडी घरातल्या दिवाणावर मावते. एन प्रमाण (एकास एकशे साठ, रूळ 9 मिमी) जागा कमी घेतं, पण त्याचं कपलिंग बसवताना चष्मा नसलेल्यालाही चष्मा लागतो.

इथे आपल्याकडच्या माणसाला एक खोच कळायला हवी. 16.5 मिमीला 87 नं गुणलं की 1435 मिमी येतात. ते युरोप-अमेरिकेचं स्टँडर्ड गेज. आपलं ब्रॉडगेज 1676 मिमी, म्हणजे एचओमध्ये 19 मिमीहून थोडं जास्त हवं. तसे रूळ बाजारात तयार मिळत नाहीत, त्यामुळे भारतीय डब्याचं मॉडेल 16.5 वरच चालवतात आणि पाय थोडे जवळ आलेत याकडे काणाडोळा करतात. मीही करतो. उलट शकुंतलेचं 762 मिमीचं गेज एचओमध्ये पावणेनऊ मिमी होतं, आणि एनचे 9 मिमीचे रूळ तिथे अगदी जवळ बसतात. हे वाचून कुणाला लगेच शकुंतला करायची हुक्की येईल. थांबा. तिचे डबे जवळजवळ सगळे स्वतः घडवावे लागतात. ते पाचव्या-सहाव्या डब्यानंतर.

पहिलं किट प्लास्टिकचं, कारखान्यातून रंगवून आलेलं, चाळीस फुटी अमेरिकन बंद मालडब्याचं घ्या. अॅक्युरेल कंपनीची किटं या कामाला चांगली आहेत. अॅथर्न कंपनीची जुनी निळ्या खोक्यातली किटं कुठे जुन्या मालात मिळाली तर तीही. त्यांच्याबद्दल तिकडचे लोक गमतीनं म्हणतात की खोका हलवला की आतला डबा आपोआप जोडून निघतो. अंग एका तुकड्यात ओतलेलं असतं, रंग आणि आकडे झालेले असतात. आपल्या वाट्याला तळ, वजन, चाकं, कपलिंग आणि थोडे बारीक भाग येतात. शिकायचं नेमकं तेवढंच असतं.

डबा परदेशी आहे, मान्य. पण आपली कोळशाची बॉक्सएन वॅगन आणि तो डबा एका बाबतीत सख्खे भाऊ आहेत: दोघांचं कपलिंग मधोमध असतं आणि दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तसं अडकतं. इथे शिकलेलं तिथे कामी येतं. रेझिनचं किंवा थ्री-डी प्रिंटचं बॉक्सएन मिळालं तरी ते तिसऱ्या नंबरवर ठेवा. त्याला घासकाम फार.

लागणारी हत्यारं

नेलकटर (धारदार, घरातलं जुनं नको), मागे-पुढे सरकणाऱ्या पात्याचा कटर, बारीक कानस, 400 आणि 600 नंबरचा पॉलिश पेपर, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडचा पेचकसांचा संच, टोकदार चिमटा, काचेचा सपाट तुकडा. रुळाचा हातभर तुकडाही लागेल. आणि एक मोठी परात. परातीत जुनं फडकं अंथरून त्यात काम करा. कपलिंगची स्प्रिंग उडाली की ती फरशीवर पडत नाही, ती या जगातूनच जाते. परातीची कड तिला अडवते.

गोंदाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त किटं इथेच बिघडतात. प्लास्टिक सिमेंट पाण्यासारखं पातळ असतं आणि ते चिकटवत नाही. ते दोन्ही बाजूंचं प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं, म्हणजे एक प्रकारचं वेल्डिंगच. दोन तुकडे आधी जुळवून धरायचे, मग भिजलेल्या ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकवायचं. ते आपोआप सांध्यात पळतं. तुकड्यांना आधी चोपडून मग दाबलं की बाहेर ओघळतं आणि बोटाचा ठसा डब्यावर कायमचा उमटतो. माझ्या एका डब्यावर अंगठा आहे, तलाठ्याला दाखवला तर सातबारा निघेल.

फेविक्विक धातूसाठी, तेही टाचणीच्या टोकानं. फेविकॉल कोळशाच्या मालासाठी. बोग्यांच्या बाजू आणि कपलिंग ज्या गुळगुळीत, मेणचट प्लास्टिकचे असतात त्यांना यातलं काहीच धड धरत नाही. ते भाग स्क्रूनं किंवा खटक्यानंच बसवायचे असतात. प्लास्टिक सिमेंट पेट घेतं आणि त्याची वाफ डोक्यात जाते, म्हणून चूल किंवा गॅस असेल त्या खोलीत नको, आणि खिडकी उघडी हवी.

कापणं

भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना लागून येतात त्यांपासून ते हातानं पिरगाळून तोडू नका. भेंडी मोडतो तसं मोडलं की भागाचा लचका काडीबरोबर जातो. पहिला काप भागापासून दोनेक मिमी लांब, दुसरा काप जवळ, उरलेला खुंट पॉलिश पेपरनं. जो भाग लावायचा तोच कापा. सगळे एकदम कापून ठेवले आणि पंखा सुरू झाला की पुढचं सांगायला नको.

आता चाकं

आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतात. रेल्वेवाल्यांच्या लेखी बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची चौकट. इथे त्याच अर्थानं वापरतो. डब्याला दोन बोग्या, प्रत्येकीत दोन आस.

किटमधली चाकं प्लास्टिकची असतील तर ती पहिल्या दिवशीच बदला. प्लास्टिकच्या चाकांवर काळा चिकट थर बसतो आणि तो सगळ्या रुळांवर पसरतो. अमेरिकन जुन्या डब्यांना 33 इंची चाकं लागतात, एचओमध्ये ती 9.6 मिमी व्यासाची होतात. धातूची घेताना आसाची लांबी बोगीला जुळते का ते पाहा. लांब आस घातला तर बोगीच्या बाजू फाकतात, आखूड घातला तर चाक आत लडबडतं.

व्हर्नियरनं (सरकत्या जबड्याच्या मापपट्टीनं) दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. ते साधारण साडेचौदा मिमी हवं, आणि एका डब्याच्या चारही जोड्यांचं सारखं हवं. कमी-जास्त असेल तर चाक हळूच पिळत आसावर सरकवा, ठोकू नका. माझा पहिला डबा वळणावर उचलत होता त्यात अर्धा दोष याचा होता: एका जोडीची चाकं जवळ आली होती आणि सांधा बदलताना, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाताना, आतली कड अडकत होती.

मग चाकं बोगीत बसवा आणि फुंकर मारा. फुंकरीनं चाक फिरत राहिलं पाहिजे, एकदा फिरून गप्प बसता कामा नये. दुसरी परीक्षा उताराची. एक मीटरच्या फळीवर रूळ ठेवून एक टोक दोन सेंटीमीटर उचला. चांगली बोगी एवढ्या उतारावर स्वतःहून निघते. निघत नसेल तर बोगीच्या आतल्या खोबणीत प्लास्टिकचा पापुद्रा राहिला असेल, टोकदार काडीनं साफ करा. तेल घालू नका. आमच्या काळ्या मातीची धूळ तेलावर बसली की आठवड्यात चिखल होतो. तेलाऐवजी ग्रॅफाइट, म्हणजे 8बी पेन्सिलीचं शिसं ब्लेडनं खरवडून केलेली पूड. दोन चिमट्या पुरतात.

वजन

हलका डबा वळणावर आत ओढला जातो आणि पडतो. किती वजन हवं याचा हिशेब अमेरिकेच्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेनं, एनएमआरएनं, ठरवून दिलाय: एचओमध्ये सुरुवातीचा 1 औंस, शिवाय लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. आपल्या मापात सुरुवातीला 28 ग्रॅम आणि प्रत्येक सेंटीमीटरला साडेपाच ग्रॅमपेक्षा थोडं जास्त. चाळीस फुटी डबा साडेपाच इंच, म्हणजे 14 सेंमी होतो. त्याचं वजन 106 ग्रॅमच्या आसपास यायला हवं. खऱ्या बॉक्सएनचा सांगाडा, कपलिंग सोडून, 9784 मिमीचा आहे. मॉडेल सव्वाअकरा सेंटीमीटरचं होईल आणि त्याला 90 ग्रॅम लागतील. मॉडेलचं वजन खऱ्या वजनाच्या प्रमाणात काढू नका, तो हिशेब इथे लागू नाही.

किटमध्ये लोखंडी पट्टी येते. ती बहुतेक वेळा कमी पडते. कमी पडलेलं वजन मी टायरच्या दुकानातून आणतो: चाकाचं बॅलन्सिंग करताना रिमला चिकटवतात ती पाच-पाच ग्रॅमची पट्टी. मागे गोंद लागलेलाच असतो. शिशाची पट्टी हाताळली तर नंतर हात साबणानं धुवा, आणि ती पोरांच्या हाती देऊ नका. वजन तळाला, मधल्या रेषेवर, दोन्ही टोकांना सारखं वाटून. छताला चिकटवलं तर डबा डोकंजड होतो.

मोजायला किराणा दुकानातला काटा चालत नाही, तो पाच-दहा ग्रॅम गिळून टाकतो. मी सोनाराकडे गेलो. त्यानं डबा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "भाऊ, हे मोडीत द्याचं हाय का?" एकदा समजावल्यावर आता तो माझे डबे फुकट मोजतो.

दोन-चार ग्रॅम जास्त झाले तर बिघडत नाही. पण 'जड तेवढं बरं' म्हणून दीडशे ग्रॅम भरू नका. दहा डबे झाले की इंजिन चढावर जागेवरच चाकं फिरवत बसेल.

पट्टी तळावर चिकटवली की तळ काचेवर ठेवून तपासा. चार कोपरे टेकले पाहिजेत. वाकलेला असेल तर आत्ताच हातानं सरळ करा. अंग वरून बसल्यावर हे दिसत नाही, पण डबा लंगडतो.

कपलिंग

या भागाला अख्खी संध्याकाळ द्या. छोटी चौकोनी डबी, तिच्यात कपलिंगचा दांडा, बाजूला पितळी स्प्रिंग किंवा प्लास्टिकची पाती, वरून झाकण. किटमधलं प्लास्टिकचं कपलिंग पहिल्यांदा चालेल, पण शक्य असेल तर केडी कंपनीचं पाच नंबरचं धातूचं घ्या. बाकीच्या कंपन्या आपली मापं त्याच्याशी जुळवतात.

डबीच्या आत चारही बाजू नखानं चाचपून पाहा, खरखर लागली तर कानस फिरवा. पेन्सिलीची पूड टाका, दांडा बसवा, झाकण लावा. आता कपलिंग बोटानं एका बाजूला ढकलून सोडा. ते झटकन मधोमध परत आलं पाहिजे. आलं नाही तर पुढे जाऊ नका, डबी पुन्हा उघडा. झाकण स्क्रूनं बसत असेल तर स्क्रूच वापरा, गोंद नको. माझ्या भाच्यानं माझी नजर चुकवून झाकणावर फेविक्विकचा एक थेंब सोडला होता. "मामा, पक्कं केलं मी." इतकं पक्कं झालं की कपलिंग, स्प्रिंग आणि डबी एकच दगड झाला.

उंची शेवटी बोग्या बसल्यावर मोजतात. रुळाच्या डोक्यापासून कपलिंगच्या मध्यापर्यंत जवळजवळ 10 मिमी. त्यासाठी उंचीमापक मिळतो, आणि ही एकच वस्तू मी उसनवारीवर न भागवता विकत घ्या म्हणतो. कपलिंग खाली आलं असेल तर बोगी आणि तळ यांच्यामध्ये पातळ वॉशर घाला. झेरॉक्सवाल्याकडच्या ओएचपी शीटचे पंच मशीननं पाडलेले गोल तुकडे, मध्ये भोक पाडून, छान चालतात. कपलिंगच्या पोटाखाली लोंबणारी वाकडी तार रुळाला घासू नये. ती चुंबकानं डबे सोडवण्यासाठी असते. सांध्यावर अडकली तर चिमट्यानं केसभर वर वाकवा.

बोग्या बसवणं

सगळ्यात छोटं काम आणि माझ्या डब्याच्या रोगाचा उरलेला अर्धा दोष. मी दोन्ही बोग्यांचे स्क्रू ताकदीनं आवळले होते. दुकानात मोटारीचा फाउंडेशन बोल्ट आवळायची सवय, दुसरं काय.

चुलीचे धोंडे तीन का असतात? तीन धोंड्यांवर पातेलं डुलत नाही, जमीन कशीही असो. डब्यालाही तीनच टेकू हवेत. एका बोगीचा स्क्रू असा आवळा की ती डावी-उजवी वळेल पण कुशीवर डुलणार नाही: हे दोन धोंडे. दुसरीचा स्क्रू पाव ते अर्धा फेरा सैल ठेवा, म्हणजे ती वळेलही आणि डुलेलही: हा तिसरा. आता एका चाकाखाली पोस्टकार्डाचा तुकडा सरकवा. बाकी सातही चाकं रुळावर टेकलेली राहिली तर जमलं.

खरी बोगी जवळून पाहायची असेल तर स्टेशनवर रुळात उतरू नका. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. तिथे गाड्यांजवळ उभं राहून खालची चौकट निवांत पाहता येते.

चालवून पाहणं

अंग अजून चिकटवू नका, नुसतं ठेवा. डबा हातानं ढकला, मग इंजिनामागे ओढा, आणि मग इंजिनानं उलटा ढकला, सांध्यांवरून, हळू. ओढताना सगळेच डबे गुणी असतात. खोड ढकलताना कळते. एकाच जागी घसरला तर दोष रुळाचा, जागा बदलून घसरला तर डब्याचा. दहा फेऱ्या झाल्या की शिड्या, ब्रेकचं चाक, खालच्या ब्रेकच्या नळ्या घ्या. त्यांच्या जागा कागदावर दाखवलेल्या असतात. एवढंच पाहा की कुठलीही नळी बोगीच्या वळण्याच्या वाटेत येत नाही.

रंग आणि धूळ

कोरा चकचकीत डबा खेळण्यासारखा दिसतो. गंजासाठी गेरू, काळपटपणासाठी चुलीतल्या कोळशाची वस्त्रगाळ पूड, मऊ ब्रशनं वरून खाली. पावसाचं पाणी जसं ओघळतं तसं. वर मॅट व्हार्निशचा हलका थर. व्हार्निश मारल्यावर पूड फिकट पडते, म्हणून आधी थोडी जास्त लावा.

हवामान सांभाळा. मे महिन्यात दुपारी स्प्रे मारला तर रंग डब्यावर पोचण्याआधीच वाळतो आणि अंगावर वाळूसारखा खरखरीत बसतो. जुलैच्या दमट हवेत व्हार्निश पांढरं पडतं. उन्हाळ्यात पहाटे मारा, पावसाळ्यात उघाड पाहून. आकड्यांचे पाण्यात भिजवायचे स्टिकर असतील तर बोअरचं पाणी वापरू नका. आमचा खारपाणपट्टा, इथलं पाणी वाळलं की अंगावर पांढरे डाग उठतात. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर आणा.

उघड्या वॅगनला कोळसा भरायचा असेल तर थर्माकोलचा तुकडा आतल्या मापानं कापून मधोमध थोडा उंच ठेवा, वर पाणी घातलेला फेविकॉल आणि कुटलेला कोळसा. थर्माकोलला प्लास्टिक सिमेंट किंवा स्प्रे लागू देऊ नका, तो विरघळून खड्डा पडतो.

तयार डबे टिनाच्या खोलीत उन्हाळाभर राहू देऊ नका. अंग वाकतं, आणि वाकलेलं छत परत सरळ होत नाही. चपलांच्या खोक्यात, चाकांवर उभे, जुन्या सुती कापडात.

खऱ्या वॅगनच्या अंगावर रिकामं वजन आणि शेवटच्या मोठ्या दुरुस्तीची तारीख रंगवलेली असते. तसं डब्याच्या तळाला पेन्सिलीनं वजन, तारीख आणि कोणत्या टोकाची बोगी सैल ठेवली ते लिहा. माझ्या पहिल्या डब्याच्या तळाला आता 107 ग्रॅम लिहिलंय, आणि आधीचा 61 चा आकडा मी खोडून टाकला असला तरी पुसलेला नाही.